निकाल आणि नमस्कार

मगदूमसाहेबांनी आमच्या कोर्टात पहिल्यांदा हात जोडले तेव्हा पट्टेवाला इस्माईल पार भिंतीला जाऊन टेकला. सत्र न्यायाधीश, अंगात काळा कोट, आणि सकाळी सकाळी पट्टेवाल्यापुढे हात जोडून उभे! "वर्षभरात कळत-नकळत माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर मला क्षमा करा," एवढं म्हणून ते पुढच्या टेबलाकडे वळले. इस्माईलला वाटलं आपली बदली झाली. माझ्या कानाशी लागून तो म्हणाला, "नलवडे, गडचिरोली असंल तर आत्ताच सांगून टाका. घरात सांगायला मोकळा हुतो."

मी तेव्हा साहेबांचा स्टेनो होतो. जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो आणि त्या दिवशी वर्षभर ज्याच्याज्याच्याशी संबंध आला त्याची क्षमा मागायची असते, हे कोल्हापुरात, शिवाजी पेठेत जन्म काढूनही मला ठाऊक नव्हतं. साहेब मात्र त्या दिवशी कुणाला सोडत नसत. कारकून, बेलिफ, आदल्या आठवड्यात ज्यांना झापलं ते वकील, कँटीनमधला चहावाला, सगळ्यांपुढे तेच वाक्य आणि तेच जोडलेले हात. माझ्यापुढे आले तेव्हा काय बोलावं ते न सुचून मी 'थँक्यू' म्हणालो. ते हसू आवरत पुढे गेले.

साहेबांचं गाव निपाणीकडचं. घरात अर्धी कानडी, अर्धी मराठी. ठेंगणी मूर्ती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चालताना नजर कायम जमिनीवर, पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून. बार रूममधले वकील त्यावरून कुजबुजायचे, "मुंगी वाचवत्यात आणि माणूस आत घालत्यात." हे साहेबांच्या कानावर गेलं होतं. ते म्हणाले, "खरं आहे. मुंगीनं खून केल्याचं माझ्यापुढं अजून आलेलं नाही."

पाणी घरचं, गाळलेलं, फिरकीच्या झाकणाच्या पितळी तांब्यातून आणलेलं. दुसरीकडचं पाणी ते प्यायचे नाहीत. जेवण दिवस मावळायच्या आत. एखाद्या वकिलाचा युक्तिवाद लांबला की खिडकीकडे बघून म्हणायचे, "वकीलसाहेब, सूर्य तारीख देत नाही." सोमवारी माझ्या लघुलेखनात चूक सापडली की, "काल तांबडा-पांढरा जास्त झालेला दिसतोय," असा शेरा ठरलेला. मला मटण सोडायला त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही त्यांना चव घेऊन बघा म्हणालो नाही.

खुर्चीवर असताना त्यांची भाषा पुस्तकी, पण चेंबरमध्ये आले, कोट खुंटीला गेला की निपाणी बाहेर यायची. "काय नलवडे, दमलासा काय?" असं विचारून स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवायचे.

आणि त्यांची एक पद्धत अशी होती की ती मी दुसऱ्या कुठल्याही न्यायाधीशात पाहिली नाही. निकालाच्या दिवशी बाकीचे साहेब कागद चाळत, मुद्दे वाचत, कारणं सांगत शेवटाकडे येत. मगदूमसाहेब आरोपी पिंजऱ्यात उभा राहिला की पहिल्याच वाक्यात निकाल सांगायचे. सुटलास, किंवा दोषी आहेस. कारणं त्यानंतर. लिहितानाही तेच. निष्कर्ष पहिल्या ओळीत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "वकिली करत हुतो तवा माझा एक म्हातारा अशील निकाल ऐकताना खाली कोसळला. कारणं संपंनात. शुद्धीवर आला तवा त्याला सांगितलं, बाबा, तू सुटलाईस. माणूस उभा असतोय, नलवडे. त्याला ताटकळत ठिवायचं न्हाई." त्यांच्या सगळ्या सवयींत मला ही सर्वांत माणुसकीची वाटायची.

म्हादूचा खटला त्यांच्यापुढे आला तो नव्वद सालानंतर थोड्याच दिवसांनी. गगनबावड्याच्या एका वाडीतला विशी-बाविशीचा पोरगा. बहिणीला नवरा मारायचा. एका संध्याकाळी ती पाठीवर वळ घेऊन माहेरी आली. म्हादूने वळ पाहिले. त्या रात्री तो काही बोलला नाही. पहाटे उठला, कोयत्याला धार लावली, शेजारच्या वाडीत गेला आणि मेव्हण्याला त्याच्या दारातच तोडलं. तिथून चालत पोलीस ठाण्यावर आला.

त्याचा बाप धोंडीबा प्रत्येक तारखेला यायचा. पावसात डोक्यावर पानांचं इरलं, बगलेत नाचणीच्या भाकरीचं फडकं. कोर्टाच्या व्हरांड्यात खांबाला टेकून बसायचा. वकिलाने एकच मुद्दा लावून धरला, की पोराने रागाच्या भरात केलं. पण मध्ये रात्र गेली होती. कोयत्याला धार लावलेली होती. साहेबांनी पहिल्या वाक्यात सांगितलं, "तुझ्यावरचा खुनाचा आरोप सिद्ध झाला आहे." मग शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का, असं विचारलं. हा प्रश्न सगळेच विचारतात, कायदाच आहे तसा. साहेब मात्र उत्तराची खरोखर वाट पाहायचे.

म्हादू म्हणाला, "भनीच्या पाठीवरचं वळ बघितलं, सायेब. मग झोप आली न्हाय. एवढंच."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग जन्मठेप सांगितली.

चेंबरमध्ये चहा गार होत होता. मला राहवेना. मी म्हणालो, "साहेब, निकालाच्या शेवटी सरकारला दयेची शिफारस तरी करा. दोन ओळी. काही न्यायाधीश करतात."

"तीनशे दोनला दोनच दारं हाईत, नलवडे. एक फासाचं, दुसरं जन्मठेपेचं. तिसरं दार सरकारच्या घरात हाय, त्याची किल्ली माझ्याकडं न्हाई." स्वतःच्या खुर्चीकडे बोट करून ते म्हणाले, "ह्या खुर्चीला हात हाईत ते टेकायला. जोडायला न्हवंत."

मला तेव्हा वाक्य आवडलं होतं. आता आठवलं की वाईट वाटतं.

पुढे हायकोर्टातही शिक्षा कायम झाली. म्हादू इथेच, कळंब्याच्या तुरुंगात. साहेब निवृत्त झाले आणि कोल्हापुरातच राहिले. शाहूपुरीत लहानसं घर, पुढे व्हरांडा. मी अधूनमधून जायचो. साहेबांच्या पत्नीला आम्ही सगळे पद्माक्का म्हणायचो. त्या जाताना हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय सोडत नसत.

अशाच एका क्षमावाणीला मी सकाळी गेलो. व्हरांड्यात माणसांची ये-जा. साहेब पांढऱ्या धोतरात, दारातच उभे. येईल त्याला हात जोडत होते. त्या गर्दीत इरलं घेतलेला एक म्हातारा शिरला. धोंडीबा. राज्यपालांकडे दयेचा अर्ज करायचा होता, त्याआधी शिक्षा देणाऱ्या साहेबांच्या पाया पडावं, म्हणून तो पत्ता शोधत आला होता. आज कुठला दिवस आहे हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

तो वाकायच्या आधीच साहेबांचे हात जोडले गेले. "कळत-नकळत माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर मला क्षमा करा." अख्खं वाक्य, एक शब्द गाळला नाही.

धोंडीबाच्या हातातून इरलं गळालं. "दिली, सायेब, दिली," म्हणत तो ढसाढसा रडायला लागला. "जज्ज असून माझ्याम्होरं हात जोडलासा! चुकलं म्हणालासा! आता माझा म्हादू सुटला. मी मरायच्या आत घरला येतोय बघा त्यो." आणि कुणी काही समजावून सांगायच्या आत पाऊलवाट सापडल्यासारखा तो झपाझप निघूनही गेला.

मला वाटलं साहेबांचा घोटाळा झाला. म्हणालो, "साहेब, हा धोंडीबा होता. म्हादूचा बाप."

"ओळखलं हुतं," साहेब म्हणाले. "दारात पाय ठेवला तवाच ओळखलं."

धोंडीबाने झालेलं सगळं वकिलाला सांगितलं आणि वकिलाने ते अर्जात घातलं. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांनी स्वतः आपली चूक कबूल करून अर्जदाराची क्षमा मागितली आहे, असं. अर्ज वर गेला आणि काही महिन्यांनी साहेबांना सरकारकडून विचारणा आली. हे खरं आहे का? आणि दयेबाबत आपलं मत काय?

त्या कागदाने साहेबांची झोप उडवली. चूक झाली असं लिहावं तर पोरगा सुटण्याचा संभव होता. पण चूक झाली नव्हती. चूक झाली नाही असं लिहावं, तर मग बापापुढे जोडलेले हात कशाचे होते? मी गेलो तेव्हा नवरा-बायकोत तेच चाललं होतं.

पद्माक्का म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याची क्षमा मागितलासा ती खोटी हुती काय?"

"खरी हुती."

"मग लिवा की तसं!"

"निकालबी खरा हुता, पद्मा."

"दोन्ही कसं खरं असंल?"

"त्येच तर कुणाला सांगता येईना झालंय," साहेब म्हणाले. इतके हताश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खून झाला होता हे खरं. विचार करून झाला होता हेही खरं. एका बापाचं घर त्यांच्या हाताने बसलं होतं, तेही खरं. कोर्टात असताना यातलं शेवटचं त्यांना विचारात घेता येत नव्हतं. आता कुणीतरी ते विचारलं होतं आणि उत्तर सरळ येत नव्हतं.

शेवटी एका दुपारी त्यांनी मला टाइपरायटर घेऊन बोलावलं. उभं राहून सांगायची सवय तशीच होती. पहिलं वाक्य आलं: "मी दिलेला निकाल बरोबर होता." मग पुढचं. की तरीही आरोपीच्या वडिलांची मी मनापासून क्षमा मागितली. की कायद्याने मला जन्मठेपेपेक्षा कमी शिक्षा देता येत नव्हती, पण न्यायालयाला जे करता येत नाही ते करण्यासाठीच दयेचा अधिकार दिलेला आहे. की या मुलाला सोडलं तर निकालाचा अपमान होणार नाही, आणि बाप जिवंत आहे तोवर त्याला सोडावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

टाइप करताना माझे डोळे भरून आले. तरी कोर्टात उभा जन्म काढलेला माणूस मी. म्हणालो, "साहेब, पहिलं वाक्य शेवटी घेऊ या. नाहीतर मध्ये कुठंतरी. वरच्या कचेऱ्यांत सगळं कोण वाचतंय?"

"आधी निकाल, मग बाकीचं."

"अहो, हा निकाल नाही, विनंती आहे!"

"म्हणून काय झालं? खरं असंल ते पयलं सांगावं. वाचणाऱ्याला कशाला ताटकळत ठिवायचं?"

मी चिडलो. पद्माक्काही आतून काहीतरी म्हणाल्या. साहेब ढिम्म. कागद तसाच गेला.

पावसाळ्याच्या तोंडाला उत्तर आलं. धोंडीबाच्या वकिलाने मला कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यावर ते दाखवलं. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांनी निकाल बरोबर असल्याचे कळवले आहे, सबब अर्जातील कथनात तथ्य दिसत नाही, अर्ज नामंजूर. साहेबांच्या विनंतीचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. कुणा टेबलावरच्या माणसाने पहिली ओळ वाचून टिपण तयार केलं असणार आणि पुढे सगळ्या सह्या त्या टिपणावर झाल्या असणार.

मी तसाच साहेबांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"पयल्या वाक्यावरच थांबला त्यो," ते म्हणाले.

"तुम्हीच थांबवलंत त्याला," मी म्हणालो. साहेबांशी मी असं कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी दिवस मावळला तरी त्यांचं ताट तसंच होतं आणि मावळल्यावर पद्माक्कांनी ते उचलून नेलं.

त्या वर्षीच्या क्षमावाणीला साहेब घरी थांबले नाहीत. मला बरोबर घेऊन सकाळच्या एसटीने गगनबावड्याला निघाले. भाद्रपद अर्धा सरला तरी तिकडे झड लागलेली. वाडीपर्यंत चिखलातून चालत गेलो. साहेबांची नजर नेहमीसारखी पायाखाली.

धोंडीबाची ओसरी ताजी सारवलेली होती. कोपऱ्यात नवी घोंगडी घडी करून ठेवलेली. म्हादू येणार म्हणून गेल्या वर्षी आणली होती, असं त्याच्या मुलीने, म्हादूच्या बहिणीने, सांगितलं. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. साहेबांचा स्वतःचा फिरकीचा तांब्या पिशवीत होता. त्यांनी तो काढला नाही. पुढे आलेलं पाणी ते प्याले.

मग उठले आणि धोंडीबापुढे हात जोडले. वाक्य सुरू व्हायच्या आत धोंडीबाने हात वर केला.

"नगासा, सायेब. परत मागू नगासा." तो रागावला नव्हता. नुसता थकला होता. "मागल्या सालाला दिली की तुमास्नी. घरात हुती तेवढी दिली. आता माझ्यापाशी उरली न्हाय."

बाहेर पाऊस कोसळत होता. साहेब जोडलेले हात तसेच घेऊन उभे राहिले. त्यांना ते खाली घ्यायचंही सुचेना. शेवटी म्हादूची बहीणच म्हणाली, "बसा, पावणं." एवढ्या मोठ्या माणसाला ती पावणं म्हणाली, कारण तिला दुसरं काय म्हणावं ते कळेना.

त्यानंतर क्षमावाणी येत राहिली. साहेब दारात उभे राहायचे, येणाऱ्याला हात जोडायचे, पण ते वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. लोकांना वाटायचं, म्हातारपण, आवाज बसला असेल.

धोंडीबा दोन-तीन वर्षांत गेला. म्हादू तेव्हा आतच होता.

त्याची सुटका झाली ती शिक्षेतली रीतसर सूट धरून, नियमाने, कुणाच्याही दयेशिवाय. तुरुंगाच्या कचेरीत माझ्या ओळखीचा एकजण होता, त्याच्याकडून मला आदल्या दिवशी कळलं. मी साहेबांना सांगितलं. साहेब पंचाहत्तरीला आलेले, अंगातलं मांस गेलेलं, डोक्यावर टोपी, दातांची कवळी. म्हणाले, "सकाळी स्कूटर घेऊन या." त्या दिवशी कुठलाच सण नव्हता.

घाटाकडे पाऊस धो धो होता. वाडीवर निरोप पोचलेला नसावा. कळंब्याच्या दरवाजाबाहेर आम्ही दोघंच उभे होतो. म्हादू बाहेर आला. कानशिलं पांढरी, हातात पिशवी. इकडे-तिकडे बघितलं. आपलं कुणी दिसेना तेव्हा आमच्याकडे येऊन साहेबांना म्हणाला, "पावणं, बावड्याची गाडी कुटनं सुटती आता?"

मी तोंड उघडणार होतो. साहेबांनी माझ्या कोपराला हात लावला.

"रंकाळा स्टँडवरनं," ते म्हणाले. "चला, मीबी तिकडंच निघालोय."

रिक्षा केली. मी स्कूटरवर मागून. स्टँडवर साहेबांनी त्याला चहा पाजला, गाडी लागली तेव्हा खिडकीजवळची जागा धरून दिली. म्हादू थोडंफार बोलत होता. भाताची लावण झाली असंल न्हवं, पावणं? घाट चालू हाय न्हवं, पावणं? साहेब व्हय-व्हय करत होते. वाडीचं नाव निघालं तेव्हा त्याने पिशवी मांडीवर घेतली. म्हणाला, "बाबा ऱ्हायला न्हाय. भन हाय." साहेबांनी मान हलवली.

कंडक्टरने घंटी दिली. साहेब खिडकीखाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. इतक्या वर्षांनी ते वाक्य पुन्हा ओठांवर आलं. "कळत-नकळत माझ्याकडनं..." एवढंच झालं.

म्हादू खिडकीतून वाकला. त्यांच्याकडे नीट बघितलं. मग हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, सायेब."

सकाळपासून तो पावणं म्हणत होता.

गाडी निघाली. ती रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी साहेब तिथेच उभे होते. मी त्यांना सिमेंटच्या बाकावर बसवलं. फिरकीच्या तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"त्यानं ओळखलं हुतं, नलवडे," ते म्हणाले. "दारातनं भाईर आला तवाच ओळखलं असणार."

"हो, साहेब."

"ऱ्हाऊ द्या म्हणाला. म्हंजे दिली, का न्हाई दिली?"

जन्मात कुणाला निकालासाठी ताटकळत न ठेवलेला माणूस माझ्याकडे बघत होता. मला काही सांगता आलं नाही. अजूनही येत नाही. त्यानंतरच्या दिवाळीआधीच साहेब गेले. मला मात्र ते तिथेच दिसतात, रंकाळा स्टँडच्या बाकावर, हातात पाण्याचं भांडं धरून, उत्तराची वाट बघत बसलेले.